देवखोलीतला स्फटिक

पाटी मी आधीच करून घेतली होती! आता लपवून काय उपयोग? कराडच्या एका दुकानात, दुधी ॲक्रिलिकवर ठसठशीत सोनेरी अक्षरांत: 'डॉ. अर्जुना बिराप्पा कोळेकर'. मधोमध, अक्षरांच्या वर दोन आणि खाली दोन, अशी स्क्रूसाठी चार भोकं. दुकानदारानं विचारलं, "डॉक्टर, दवाखाना कुठं काढताय?" मी म्हणालो, "दवाखाना नाही हो. मी स्फटिकांचा डॉक्टर." त्यानं मान डोलावली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, "स्पेशालिस्ट हायत."

पाटी तयार होती, भिंत तयार होती, स्क्रूसुद्धा तयार होते. फक्त पदवी यायची होती.

ती अकरा वर्षं यायची होती! मी उंब्रजच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. या अकरा वर्षांत आमचे तीन प्राचार्य बदलले, माझे दोन विद्यार्थी डॉक्टर होऊन माझ्याच शेजारच्या खुर्चीत येऊन बसले, आणि मी आपला 'होणारे डॉक्टर' तो 'होणारे डॉक्टर'च राहिलो. त्यात माझे गाइड खराडे सर जूनमध्ये निवृत्त होणार. विद्यापीठाचं पत्र आलं: ही शेवटची मुदतवाढ. एकतीस मार्चपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे अकरा वर्षं पाण्यात!

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच होती. आटपाडीच्या पुढं, माणदेशात माझी सासुरवाडी. लग्न ठरताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "पुढं डॉक्टरेट करणार आहे." सासूबाई रंगुबाईंनी त्यातलं 'डॉक्टर' तेवढं उचललं आणि गावभर सांगितलं. तेव्हापासून मी सासुरवाडीला गेलो की ओट्यावर कुणीतरी पोट फुगलेली शेळी घेऊन बसलेलंच असतं! मी म्हणायचो, "मी तो डॉक्टर नाही." लोक म्हणायचे, "मग कवा हुनार?" सासूबाई खाली मान घालून शेळीच्या पोटावरून हात फिरवायच्या. त्यांची ती खाली गेलेली मान मला फार लागायची. खरं सांगतो, नावापुढचं ते 'डॉ.' मला माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त हवं होतं.

आता माझं काम ऐका. फार सोपं आहे. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट नावाचा एक क्षार असतो. नाव ऐकून घाबरू नका, घरी आम्ही त्याला 'खडा' म्हणतो. तो कोमट पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवायचा, पाणी गाळून काचेच्या बीकरमध्ये भरायचं, वर बारीक भोकांचा कागद बांधायचा. मग एक निर्दोष, तांदळाच्या कणीएवढा स्फटिक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून आत सोडायचा. त्या कणीला आम्ही खरोखरच 'बी' म्हणतो. पाणी हळूहळू उडून जातं, आणि क्षाराचे अणू एकेक करून येऊन त्या बीवर ओळीनं बसतात. दिवसाला फार तर नखाच्या जाडीएवढे! असा खडा मोठा आणि नितळ झाला की तो लेझरच्या कामाला येतो. अट एकच. हलता कामा नये, गरम-गार होता कामा नये, आणि धूळ पडता कामा नये.

बीकरसमोर बसलं की माझी तंद्री लागते. लहानपणापासूनच मी असा. आई भाकरी वाढून हाका मारायची आणि मी ताटातल्या वाफेकडे बघत बसलेला असायचो. पल्लवी, म्हणजे माझी बायको म्हणते, "तुमच्यापुढं घर जळलं तरी तुम्ही ज्वाळेचा रंग बघत बसाल." असेलही. पण पाण्यातून काहीच नसल्यासारख्या ठिकाणाहून एक कोपरा हळूच वर येतो, त्याला दुसरा कोपरा भेटतो, कडा सरळ होते, आणि हे सगळं कुणी न सांगता, कुणी न बघता! बघताना अंगावर काटा येतो हो.

पण आमचं कॉलेज हायवेला चिकटून. दिवसरात्र ट्रक. आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रेलर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर तंबूएवढे स्पीकर! गाणं 'धाडधाड' सुरू झालं की माझ्या बीकरमध्ये लाटा उठायच्या. सकाळी बघावं तर दोऱ्याला स्फटिकाऐवजी कांदाभजी लटकलेली! ऑक्टोबरात तीन भजी, नोव्हेंबरात चार.

"शांत जागा शोध, कोळेकर!" खराडे सर फोनवर ओरडले. "जिथं काहीही हलत नाही अशी!"

मी संध्याकाळी पल्लवीला सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता मान वर केली.

"मग आमच्या माहेरी ठेवा की. तिथं काहीच हलत नाही. आमचा धुळासुद्धा हलत नाही!"

धुळा म्हणजे माझा मेहुणा. तो सकाळी ओट्यावर ज्या खांबाला टेकतो, संध्याकाळी त्याच खांबाला सापडतो. कल्पना मला एकदम पटली.

दुसऱ्या रविवारी मी निघालो. द्रावणाचा बीकर पाच लिटरच्या कुकरमध्ये, कुकर घोंगडीत, घोंगडी मांडीवर. बी वेगळं, डबीत कापसात. कराडहून विट्याची एस्टी पकडली.

"कुकरात काय? मटन हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही, स्फटिक वाढवायचं पाणी आहे."

"मग मांडीवर कशापायी? खाली ठेवा की."

"हलता कामा नये."

"एस्टीत?"

सगळी गाडी हसली! विट्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला मागून कुणीतरी विचारत होतं, "मास्तर, हललं का?"

सासुरवाडीचं घर माळवदाचं. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत. आत सगळ्यात मागं देवखोली. एकच झरोका, आणि आत असा गारवा की घामेजलेला माणूस पाय ठेवताच निवतो. मी दोन तास थर्मामीटर धरून बसलो. पारा जागचा हलला नाही. देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक, समई, शेजारी एक रिकामा कोनाडा. सासूबाई सकाळी एकदा पूजेला येणार, एरवी कुणी फिरकत नाही. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठं मिळणार! मी बीकर कोनाड्यात ठेवला, बी सोडलं, आणि सासूबाईंना बोलावलं.

"आत्या, या काचेच्या भांड्याला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

"हलवायचं नाही."

"न्हाई."

"या खोलीत झाडू मारायचा नाही. धूळ उडते."

"देवाच्या खोलीत झाडू न्हाई?" त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलून दाराबाहेर ठेवला. "बरं. वल्या फडक्यानं पुसून घीन."

मग त्या वाकून बीकरमध्ये बघायला लागल्या. पाण्यात दोऱ्याला ती कणी लटकत होती.

"आवं जावायबापू, ह्यो वाडतुया म्हंजी जित्ता हाय व्हय?"

मी तंद्रीतच होतो. "जिवंतच म्हणा, आत्या. बी आहे ते. आता हळूहळू अंग धरेल. पोटातल्या पोरासारखं, शांतपणे."

"मग येकटं कसं टाकायचं ह्येला?"

"तुमच्याच पदरात घालून चाललोय. तुम्ही आणि तुमचा देव!"

सासूबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं, एकदा बीकरकडे, आणि पक्की मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी तिथंच विचारायला हवा होता. पण तेवढ्यात झरोक्यातून उन्हाची तिरीप आली, पाण्यात शिरली आणि मी तिच्याकडे बघत बसलो.

मग सुरू झाले माझे रविवार! आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार. शनिवारी मुक्कामाला जायचं, सकाळी सासूबाईंची पूजा आटोपली की देवखोलीत घोंगडीवर मांडी घालून बसायचं. बाहेर लांब कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. समईचा वास. अकराच्या सुमाराला झरोक्यातलं ऊन सरकत सरकत बरोबर कोनाड्यावर यायचं आणि पाच-दहा मिनिटं समोरच्या मातीच्या भिंतीवर सात रंगांचा एक तुकडा थरथरत राहायचा. खडा आता करंगळीच्या पेराएवढा झाला होता. चौकोनी खांब, दोन्ही टोकांना टोकदार छप्पर. एका रविवारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. स्वप्नात मी खड्याच्या आत चालत होतो. दोन्ही बाजूंना अणूंच्या रांगा, उसाच्या सऱ्यांसारख्या, दूर क्षितिजापर्यंत सरळ. पायाखाली थंड, वर निळंशार, आणि कुठलाच अणू आपल्या जागेवरून तसूभर इकडं-तिकडं नाही. लांबून कुणीतरी हाक मारत होतं, "डॉक्टर! डॉक्टर!" मी वळून ओ दिली. जाग आली तर दारात एक म्हातारा शेळी घेऊन उभा!

नोंदवहीत मी सगळं लिहीत होतो. लांबी, रुंदी, तापमान. तिसऱ्या रविवारी बीकरच्या तळाला थोडा पिवळसर गाळ दिसला; पाणीही पिवळट वाटलं, पण ते मी झरोक्यातल्या उन्हावर ढकललं. मी वर छताकडे पाहिलं आणि लिहिलं: 'तळाशी किंचित पिवळसर माती. बहुधा माळवदाची. दुर्लक्ष करण्यासारखी.' हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

पाचव्या रविवारी मी कोनाड्यापाशी गेलो आणि किंचाळलोच! खड्याचा मधला खांब काचेसारखा नितळ, आणि दोन्ही टोकं सोनेरी! पिवळीधमक! देवळावर कळस चढवावा तशी! मी तीन वेळा डोळे चोळले. अकरा वर्षांत मी असलं काही पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नसणार!

"आत्या! आत्या, इकडं या!"

सासूबाई आल्या. शांतपणे हात जोडले. "कळस आला की वं. म्या म्हनलंच हुतं."

"पण हे झालं कसं?"

"देवाची किरपा, दुसरं काय?"

मी हसलो! केवढ्या मोठेपणानं हसलो! म्हणालो, "आत्या, आम्हा विज्ञानवाल्यांना असलं उत्तर चालत नाही. आम्हाला कारण लागतं." त्या चहा टाकायला गेल्या.

खराडे सरांनी खडा दिव्यासमोर धरला आणि दहा मिनिटं श्वासच घेतला नाही. मग खुर्चीत बसले.

"कोळेकर, मिसळलंस काय यात?"

"काहीच नाही, सर."

"खरं सांग."

"बिरोबाची शपथ, सर! शुद्ध क्षार, शुद्ध पाणी!"

विद्यापीठात नेऊन क्ष-किरणांनी तपासणी केली. अणू जिथल्या तिथं, शिस्तीत! मग त्यातून एकेक रंगाचा प्रकाश पाठवला, कुठला रंग खडा गिळतो ते बघायला. आलेखात निळ्या रंगापाशी एक मोठा फुगवटा. सर म्हणाले, "याला कारण दे. कारण दिलंस तर मी निवृत्त व्हायच्या आत डॉक्टर."

कारण? कारण माझ्याकडे स्वप्नात तयार होतं! अणूंच्या रांगेत एखादी जागा रिकामी राहिली की तिथं प्रकाश अडकतो आणि रंग दिसतो. त्याला रंगकेंद्र म्हणतात. आता अशा रिकाम्या जागा माझ्याच खड्यात का? माणदेशची कोरडी हवा! तिथली निःशब्द शांतता! मी चाळीस पानं लिहिली. लिहिताना माझे डोळे भरून आले, इतकं सुंदर होतं ते. 'मानवी हस्तक्षेपापासून पूर्णतः मुक्त अशा वातावरणात' हे वाक्य तर मी पल्लवीला दोनदा वाचून दाखवलं.

"पूर्णतः मुक्त?" ती म्हणाली. "आमच्या आईच्या घरात?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करण्यात तोवर माझा हात चांगलाच बसला होता.

मधे एक बारीक अडचण आली. उंब्रजला, बीकरखाली दोन गाद्या घालून मी तसाच खडा वाढवून बघितला. टोकं पांढरी! दुसरा वाढवला. पांढरी! त्यावर मी आणखी सहा पानं लिहिली: हायवेच्या हादऱ्यांनी रंगकेंद्रं बुजतात. प्रबंध एकतीस मार्चला दुपारी चार वाजता दिला. त्याच आठवड्यात एका स्थानिक पेपरात बातमी आली: 'उंब्रजच्या प्राध्यापकाने घरात पिकवले सोन्याचे स्फटिक!' झालं! सासुरवाडीच्या ओट्यावर सोनं बघायला रांग लागली. धुळा खांबाला टेकल्या टेकल्या लोकांना सांगत होता, "आत सोडनार न्हाई. दाजींनी हात लावू नगा म्हनलंय." आणि सासूबाई, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, मान वर करून सांगत होत्या, "जूनमदी आमचं जावाय डाक्टर हुनार. पक्क!"

मौखिक परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली. ती सगळ्यांसाठी खुली असते. मी मोठ्या मनानं सासुरवाडीला निरोप दिला, "या सगळे!" अख्खी जीप भरून आली. सासूबाई नवं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, कमरेला नेहमीची भंडाऱ्याची पिशवी. धुळा शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

बाहेरच्या परीक्षक म्हणून डॉ. संयोगिता मॅडम आल्या होत्या. बारीक चष्मा, बारीक आवाज, आणि प्रबंधात जागोजागी चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. मी पाऊण तास बोललो. काय बोललो! कोरडी हवा, शांतता, रांगा, रिकाम्या जागा. शेवटी पडद्यावर खड्याचा मोठा फोटो आला तेव्हा सगळ्या हॉलनं 'आहा' केलं. खराडे सरांनी माझ्याकडे बघून हळूच अंगठा वर केला. मला पाटी भिंतीवर दिसायलाही लागली.

मॅडम म्हणाल्या, "सुंदर! मला एकच शंका आहे. पान एकशे बारा. 'तळाशी किंचित पिवळसर माती. दुर्लक्ष करण्यासारखी.' तुम्ही ती माती तपासली?"

"नाही मॅडम. माळवदाची आहे."

"माळवदाची माती पांढरी असते. माझं आजोळ मंगळवेढ्याचं."

मला पहिल्यांदा घाम फुटला.

"त्या खोलीत कोण जायचं?"

"फक्त माझ्या सासूबाई. पूजेपुरत्या. त्यांनी भांड्याला कधीही हात लावलेला नाही!"

"त्या आल्यात का इथं?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आत्या, फक्त नाही म्हणा.

"आजी, तुम्ही भांड्याला हात लावत होता?"

"न्हाई बाई! जावायबापूंनी सांगितलं हुतं. काचंला बोट लावलं न्हाई म्या."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"मग काहीच केलं नाही?"

"काय करायचं? सकाळी आंगुळ करून वरचा कागूद उचलायचा, चिमूटभर भंडारा आत सोडायचा, कागूद पयल्यासारखा बांदायचा. रोज! येक दिस चुकली न्हाई!"

खराडे सरांनी डोळे मिटून घेतले. मी कसाबसा म्हणालो, "आत्या! हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"काचंला म्हनला हुता. कागदाचं कुटं म्हनला?" त्या खरोखरच बुचकळ्यात पडल्या होत्या. "आन तुमीच म्हनला, पोटातलं पोर हाय, तुमच्या आन देवाच्या पदरात घालतो म्हनून. बिनभंडाऱ्याचं पोर कुनी वाडवतंय का आमच्यात?"

मीसुद्धा बिरोबाला मानणाऱ्या त्याच समाजातला. जन्मल्यापासून माझ्या डोक्यावर भंडारा पडत आलेला. पण शास्त्रज्ञ झाल्यापासून मला तो दिसायचाच बंद झाला होता.

"आहे का तुमच्याकडे तो भंडारा?" मॅडमनी विचारलं.

सासूबाई चालत पुढं आल्या. कमरेची पिशवी सोडली, चिमूट काढली आणि मॅडमच्या पुढ्यातल्या पाण्याच्या ग्लासात सोडली. थोडी पूड वर तरंगली. थोडी गाळासारखी खाली गेली. आणि मधून एक पिवळा धागा, अगदी बारीक, वळत वळत पाण्यातून उतरायला लागला. मग दुसरा. मग तिसरा. कुणी हललं नाही. पंखे बंद केल्यासारखं वाटलं. तो रंग पाण्यात इतक्या निवांत पसरत होता की, शपथेवर सांगतो, माझी अकरा वर्षं बुडत असताना मी तिथं उभा राहून तो बघत होतो! ग्लास हळूहळू सोनेरी झाला.

"चांगभलं!" सासूबाई पुटपुटल्या.

"चांगभलं!!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. धुळा उठून उभा राहिला होता. दोन्ही हात वर करून! त्याला असं हललेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मॅडम ग्लास उजेडात धरून म्हणाल्या, "नुसती हळद पाण्यात अशी उतरत नाही. यात रंग मिसळलेला आहे. कुठून आणला?"

"जत्रंतनं. रंग? माज्या देवाच्या भंडाऱ्यात रंग?" सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "त्या दुकानदाराला बगती म्या आता!"

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. मी टेबलाचा काठ धरून उभा.

"कोळेकर, ती चाळीस पानं काढून टाका."

"आणि सहा, मॅडम. हायवेची."

"ती पण. पण एक गोष्ट खरी आहे. रंग सगळ्या पाण्यात होता, मग तो फक्त टोकांतच का शिरला? मधल्या खांबात का नाही? हा प्रश्न तुमच्या सगळ्या प्रबंधापेक्षा चांगला आहे. सहा महिने देते. तसेच तीन खडे पुन्हा वाढवा, कारणासकट लिहा, मी सही करीन. जागा तीच, भंडारा तोच, आणि टाकणारा हातही तोच पाहिजे."

बाहेर व्हरांड्यात मी सासूबाईंवर चिडणार होतो. चांगलं तोंडभरून चिडणार होतो! शब्दसुद्धा जुळवले होते. पण त्या खांबाआड उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"माज्यामुळं तुमचं डाक्टरपन गेलं का वं?"

माझा सगळा राग तिथंच विरघळला. "नाही हो आत्या. फक्त लांबलं."

"गावात काय सांगू म्या?"

"सांगा, अजून सहा महिने."

त्यांनी डोळे पुसले. पिशवी चाचपली. "पावशेर हाय अजून, त्याच दुकानातला. पर पयला देवाला, मग तुमाला."

तर आता मी हे लिहितोय ते देवखोलीत, घोंगडीवर बसून. बिनपगारी रजा टाकली आहे. खराडे सर निवृत्त झाले, पण रोज सकाळी फोन करतात. 'नमस्कार' वगैरे काही नाही, थेट "टाकली का?" एवढंच विचारतात. कोनाड्यात तीन बीकर आहेत. चिमूट वजन करून टाकायची असं मॅडमचं म्हणणं, पण देवाचं मापायचं नसतं असं सासूबाईंचं म्हणणं. त्यामुळं मी चोरून पिशवीचंच वजन करतो, पूजेच्या आधी आणि नंतर. नोंदवहीत लिहिलंय: 'चिमूट साधारण सारखीच. सोमवारी मोठी. माझ्यावर राग असेल तेव्हा निम्मी.'

गेल्या आठवड्यात आषाढाचा वारा सुटला, मधल्या बीकरचा कागद उडाला आणि शेळीचं एक करडू थेट देवखोलीत शिरलं. सासूबाई म्हणाल्या, "कायतरी जड झाकन बगा की वं!" मी माझ्या कपड्यांच्या पिशवीत शोधायला लागलो, तर तळाशी ती पाटी. पल्लवीनं घालून दिली होती; घरात नुसतीच धूळ खात होती म्हणे. बीकरवर ठेवून बघितली तर अगदी चपखल! आणि स्क्रूची चार भोकं? पाणी सावकाश उडून जायला अगदी बेताची. इतकं चांगलं झाकण मला अकरा वर्षांत सापडलं नव्हतं.

सासूबाईंनी पाटीवरून बोट फिरवलं. त्यांना अक्षर येत नाही. "काय लिवलंय वं ह्येच्यावर?"

"डॉक्टर कोळेकर," मी म्हणालो. आवाज जरा बारीकच निघाला.

त्यांनी वाकून आत पाहिलं. खाली पाण्यात, दोऱ्याला नव्यानं सोडलेली तांदळाएवढी कणी लटकत होती.

"ह्येचं नाव ठिवलं व्हय? चांगलं हाय की!"

आज सकाळी पुन्हा एकजण शेळी घेऊन आला. ओट्यावरून हाक मारली, "रंगुआत्या, डाक्टर हायत का घरात?" मी आतच बसलो होतो, ऊन कोनाड्यावर यायची वाट बघत. सासूबाई मान ताठ ठेवून म्हणाल्या, "हायत की! देवखोलीत हायत. पर गडबड करू नगा, अजून वाडत्यात!"

त्या माझ्याबद्दल बोलत होत्या की खड्याबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही.